सवतीच्या नावाचं लॉगिन

विश्वास ठेवा म्हणून मी कोणाच्या पाया पडणार नाही. पण यातलं काहीही माझ्या पदरचं नाही. हे माझ्या सख्ख्या मावसबहिणीच्या, विनिताच्या बाबतीत घडलं. त्याच संध्याकाळी तिने मला फोन करून, रडत रडत, सगळं सांगितलं. ते तसंच इथे लिहितेय.

गावाचं नाव देत नाही, कारण घरातली माणसं अजून तिथेच राहतात. उरण तालुक्यातलं गाव आहे, मागे मिठागरं आहेत आणि न्हावा शेव्याला जाणारे ट्रेलर घरासमोरून धडधडत असतात. एवढं पुरे.

आणि हो... ही रात्रीची गोष्ट नाही.

मे महिन्यातली टळटळीत दुपार होती. भुताला अमावस्या आणि पिंपळच लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

विनिता आमची पेणची. गेल्या वर्षी तिचं लग्न अल्पेशशी झालं. अल्पेशचा घरालाच लागून फोटो स्टुडिओ आहे. हळदी, साखरपुडे, बारशी... तिकडे हळदीला जेवढा खर्च होतो तेवढ्यात आमच्याकडे दोन लग्नं उरकतात, त्यामुळे धंद्याला मरण नाही. माणूस निर्व्यसनी, शांत. सासू ठमाबाई तोंडाने फटकळ, पण मनाने चांगली.

एकच गोष्ट होती. अल्पेशची ही दुसरी बायको.

पहिली रुचिता. लग्नानंतर थोड्याच वर्षांत काविळीने गेली. तिला जाऊन तेव्हा पाच वर्षं होत आली होती.

पण गेली म्हणजे काय, फक्त स्मशानात गेली. घरातून काही गेली नव्हती!

स्टुडिओतलं सगळं काम ती करायची. फोटो कापणं, जोडणं, नको ते माणूस फोटोतून उडवणं, मागचा मांडव परत भरून काढणं. तिचा हात फार सफाईचा होता म्हणे. विनिताने जीव ओतून अल्बम केला, तरी गिऱ्हाईक पानं उलटत म्हणायचं, "छान केलाय. पण रुचितावयनींच्या हाताची गोष्टच वेगली."

मेल्या म्हशीला मणभर दूध, असं विनिता मनात म्हणायची आणि आत जाऊन भांडी आपटायची.

खोटं कशाला बोलू? ती जळत होती. जिवंत सवत असती तर भांडली असती, झिंज्या उपटल्या असत्या. मेलेलीशी भांडणार कशी? मेलेली बाई म्हातारी होत नाही, चुकत नाही, भाजी खारट करत नाही.

आणि त्या मेलेलीचा कॉम्प्युटर अजून स्टुडिओच्या कोपऱ्यात होता.

म्हणजे नुसता डबा. पिवळा पडलेला, जुन्या एक्सपीवर चालणारा. त्याचा मॉनिटर कधीच भंगारात गेला होता. पण जुन्या गिऱ्हाइकांचे फोटो त्याच्यात होते, म्हणून अल्पेशने तो ठेवला होता. ठमाबाई दर शुक्रवारी त्याला कुंकू लावायच्या.

"अहो, सगळं एका डिस्कवर काढून घेऊ आणि टाकू की हा," विनिताने एकदा म्हणून बघितलं.

"असू दे ना. चालतोय तोपर्यंत चालतोय," अल्पेश म्हणाला. हे बोलताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

तो तिच्याशी बोलताना असाच बोलायचा. भिंतीकडे बघून, कॅमेऱ्याकडे बघून. वाईट कधी बोलला नाही. पण आपल्या नवऱ्याने एकदा तरी आपल्याकडे नीट बघून बोलावं, एवढंच त्या पोरीला हवं होतं. त्यापलीकडे तिने काही मागितलं नव्हतं.

लग्नसराईच्या तोंडावर नवीन कॉम्प्युटर आला, खास विनितासाठी. ती खोकं उघडणार एवढ्यात ठमाबाई हळदीकुंकवाचं तबक घेऊन आल्या.

त्या घरात एक रीत आहे. देवघरात रुचिताच्या नावाचा चांदीचा टाक आहे. दुसरीसाठी साडी येवो, दागिना येवो, आधी त्या टाकासमोर ठेवायचा आणि मग अंगाला लावायचा. आपल्याकडे बऱ्याच घरांत सवतीचं असं करतात.

"सूनबाय, पयला तिला दाखव. मंग चालू कर."

"आई, कॉम्प्युटर आहे तो. साडी नाही."

"मंग काय झाला? ती बी त्याच्यावरच बसाची ना?"

"म्हणूनच नाही दाखवणार!" विनिता पहिल्यांदाच तोंड वर करून बोलली. "हा माझा आहे. एक तरी वस्तू माझी असू द्या."

ठमाबाई तबक घेऊन तशाच परत फिरल्या.

आता अडचण अशी झाली की जुना आणि नवा कॉम्प्युटर एकमेकांना ओळखच देईनात. मधे वायर होती, पण नव्याला जुना दिसायचाच नाही. शेवटी अल्पेशचा चुलतभाऊ प्रणय आला. तो कंटेनर यार्डात कॉम्प्युटरचं काम बघतो.

"वयनी, जुना काय नवीन भाषा शिकनार नाय," तो हसत म्हणाला. "नवीनलाच सांगाचा, बाबा तू जरा म्हातारा हो. तवा दोघं बोलतील."

त्याने नव्या कॉम्प्युटरची कसलीशी जुनी सोय चालू केली. मग तिला समजावलं, "दोन्हीकरं नाव सेम ठेवाचा, पासवर्ड सेम ठेवाचा. मंग जुना काय विचारत पन नाय. त्याला वाटते आपलाच मानूस आयला. आनि एक सांगतो, तुझा फोल्डर शेअर केलास तर फक्त बघाची परवानगी दे. बदलाची देऊ नको कोनाला."

अल्पेशच्या नावाने जोडणी झाली. जुने अल्बम धडाधड दिसायला लागले.

सगळं उघडत होतं. एक फोल्डर सोडून.

त्या फोल्डरचं नाव होतं... रुचिता.

त्यावर क्लिक केलं की पाटी यायची. तुम्हाला परवानगी नाही.

विनिताने अल्पेशला विचारलं. तो म्हणाला, "तिचा खासगी आहे तो. मीपण नाही उघडला कधी. राहू दे."

राहू दे म्हणे! नवऱ्याने असं म्हटल्यावर कुठली बायको राहू देईल? मी तर दिलं नसतं. जेवताना, झोपताना, विनिताच्या डोळ्यांसमोर तो एकच बंद फोल्डर नाचायला लागला.

आणि मग ती दुपार आली.

अल्पेश एका हळदीच्या शूटिंगला गेला होता. ठमाबाई आत पंख्याखाली आडव्या झाल्या होत्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, फक्त अधूनमधून एखादा ट्रेलर जायचा आणि शटर थरथरायचं.

विनिताने कोपऱ्यातल्या डब्याचं बटण दाबलं. मग आपल्या नव्या कॉम्प्युटरवर एक नवीन खातं उघडलं.

नाव टाकलं, रुचिता.

नाव सेम, पासवर्ड सेम. पण पासवर्ड काय असेल? तिने अल्पेशचं नाव टाकून बघितलं. नाही. स्टुडिओचं नाव टाकलं. नाही. त्यांच्या लग्नाची तारीख टाकली, ती तिला पाठ होती, मेलीची. तरी नाही.

मग ती डोळे मिटून बसली. मी तिच्या जागी असते तर काय ठेवलं असतं?

क्षणभर ती खरंच तिच्या जागी जाऊन बसली.

आणि बोटं आपोआप चालली... अहो.

तीन इंग्रजी अक्षरं. जुन्याने ती घेतली. मग तोच पासवर्ड नव्या खात्याला देऊन ती स्वतःच्या खात्यातून बाहेर पडली आणि त्या नव्या नावाने आत गेली. नवीन खातं उघडलं की कॉम्प्युटर आधी जरा वेळ घेतो. निळा पडदा आला.

नमस्कार.

मग त्याच्याखाली... तुमच्यासाठी सगळं तयार करत आहोत.

असं सगळ्यांच्याच कॉम्प्युटरवर येतं, मला माहीत आहे. तिलाही माहीत होतं. तरी तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

तिने घाईघाईने स्वतःच्या फोटोंचा फोल्डर शेअर केला, तिकडचं इकडे ओढून घ्यायला. परवानगीची चौकट आली तेव्हा प्रणयचं बोलणं तिच्या ध्यानातही नव्हतं. तिने सगळ्याच खुणा ठोकून दिल्या. बघायची, बदलायची, पुसायची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि बंद फोल्डर उघडला.

आत प्रेमपत्रं नव्हती. फोटो होते. बहुतेक अल्पेशचे, थोडे तिच्या लग्नाचे आणि सणावारांचे.

अहो जेवताना. अहो झोपलेले. अहो मिठागरावर. त्याच्या प्रत्येक फोटोला तिने असं नाव दिलं होतं.

एका फोटोत दोघं होती. ती कॅमेऱ्याकडे बघत होती आणि अल्पेश तिच्याकडे बघून हसत होता. अगदी तोंडभर हसत होता. असा हसणारा अल्पेश विनिताने कधी बघितलाच नव्हता. आपल्या नवऱ्याच्या डाव्या गालाला खळी पडते, हे तिला त्या दुपारी कळलं.

तिने तो फोटो पुसून टाकला.

त्याच क्षणी लाईट गेली.

पंखा थांबला. नवा कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, तो चालूच राहिला. कोपऱ्यातला डबा साध्या प्लगवर होता. म्हातारड्याला कशाला इन्व्हर्टर, म्हणून तिनेच तो तिकडे लावला होता.

म्हणजे तो बंद पडला.

म्हणजे त्याच्यातला फोल्डरही दिसायला नको...

पण दिसत होता.

विनिता खुर्चीतच वळली. डब्याचा दिवा विझलेला होता. पण शांततेत आवाज येत होता... घर्र... घर्र... आतला छोटा पंखा फिरतो तसा. ती उठली आणि तिने डब्यावर हात ठेवला. तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा तो हाताला लागला. तिने झटकन हात मागे घेतला.

"मनाचे खेळ," ती मोठ्याने म्हणाली आणि परत येऊन बसली. जीव रमवायला तिने स्वतःच्या लग्नाचे फोटो उघडले.

पहिल्या फोटोत अल्पेश उभा होता. मुंडावळ्या बांधलेला, हातात हार घेतलेला.

समोर कोणी नव्हतं.

तिने डोळे चोळले. फोटो तोच होता. मांडव तोच, मागे उभी असलेली मी तीच, नवी पैठणी नेसलेली. फक्त विनिता नव्हती. ती जिथे उभी होती तिथे मांडवाची झालर होती, एक टाकाही न चुकता जुळवलेली. अल्पेशचा हार हवेत धरलेला होता.

फार सफाईचा हात होता तो.

माझ्यासारखी असती तर किंचाळून पळाली असती. विनिता नाही पळाली. ती चिडली!

"अस्सं?" ती म्हणाली. आणि तिने रुचिताचा आणखी एक फोटो पुसला.

कोपऱ्यात घर्र झालं. विनिताच्या सप्तपदीतून विनिता गेली.

तिने रुचिताच्या हळदीचा फोटो उडवला. इकडे हिच्या हळदीत रिकामा पाट उरला, त्याच्याभोवती हसणाऱ्या बायका आणि पाटावर सांडलेली हळद. तिने रुचिताचा मंगळागौरीचा पुसला, इकडे माथेरानच्या फोटोत अल्पेश एकटाच घोड्याजवळ उभा राहिला. दोघी ईर्ष्येला पेटल्या. एक तू, एक मी. नळावरच्या भांडणात बायका एकमेकींची भांडी फेकतात ना, अगदी तसं. विनिता घामाने भिजली होती. तिला थांबता येत नव्हतं.

शेवटी तिच्या फोल्डरमध्ये एकच फोटो उरला. शाळेतला. मावशी, म्हणजे तिची आई, आणि शेजारी दोन वेण्या घातलेली छोटी विनिता.

विनिताचं बोट बटणावर थांबलं. हा नको, असं ती पुटपुटली. तिने काहीही पुसलं नाही.

तरी कोपऱ्यात... घर्र... झालं.

मावशी फोटोत एकटी उभी होती. तिचा हात कोणाच्या तरी खांद्यावर असल्यासारखा हवेत तसाच.

आता मात्र विनिताचा राग ओसरला. हे नाव सोडायचं, आपल्या नावाने परत जायचं, एवढंच तिला सुचलं. ती धडपडत त्या खात्यातून बाहेर आली. समोर नावांचा पडदा आला. तिथे अल्पेशचं नाव होतं. तिचं स्वतःचं असायला हवं होतं.

तिथे दोनच नावं होती.

अल्पेश.

रुचिता.

विनिता नावाचं खातं त्या कॉम्प्युटरवर कधी नव्हतंच जणू.

तेवढ्यात मागून आवाज आला, "कोनाशी भांडतंस गो?"

दारात ठमाबाई उभ्या होत्या. विनिताने त्यांच्या गळ्यात पडून सगळं सांगून टाकलं. म्हातारी ऐकता ऐकता खाली बसली. बराच वेळ पदराने तोंड पुसत राहिली.

"दाखवला असतास तर तिने नुसता बघितला असता, पोरी," ती म्हणाली. "दाखवाचा म्हंजे तिला सांगाचा, बाय, तुझा मान तुला दिला, आता वापरनार ही. तू मान न्हाय दिलास. तू तिला तुझे जागेवर बसवलास."

लाईट आली. पंखा फिरायला लागला. डबा मात्र चालू झाला नाही.

दिवेलागणीला अल्पेश परत आला. खांद्यावरची बॅग ठेवता ठेवता त्याने विनिताकडे बघितलं... आणि बघतच राहिला. भिंतीकडे नाही, कॅमेऱ्याकडे नाही. सरळ तिच्याकडे.

आणि हसला.

डाव्या गालाला खळी पडली.

"कमे," विनिता मला फोनवर म्हणाली, "मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती गं. आणि इतकं बरंही."

तो तिचा शेवटचा फोन.

मी नंतर खूप लावले. ती उचलायचीच नाही. मावशी रोज माझ्यामागे लागायची, जाऊन बघून ये. शेवटी भादव्यात, गौरी गेल्यावर, मी उरणची वाट धरली.

स्टुडिओत गर्दी होती. एक बाई नवा अल्बम चाळत शेजारणीला सांगत होती, "बघ, परत पयल्यासारखा काम व्हाया लागला."

विनिता कॉम्प्युटरवर बसली होती. अंगाने भरली होती, छान दिसत होती. मला बघून उठली आणि हसून म्हणाली, "या ना ताई, बसा."

मी तिच्याहून दोन वर्षांनी लहान आहे. जन्मापासून तिने मला कमे सोडून दुसरी हाक मारलेली नाही.

"विने, अगं मी!" मी म्हटलं.

ती नुसती हसली. पाहुण्यांकडे बघून हसतात तसं. तेवढ्यात आतून अल्पेशची हाक आली.

"रुचिता, चहा टाक गं."

"आले, अहो!"

किती गोड ओ दिली तिने. मी तिचा हात धरला. "तो तुला कुठल्या नावाने हाक मारतोय? तुला चालतं हे?"

"न चालायला काय झालं?" ती म्हणाली. मग माझ्या कानाशी वाकली, सुखी बायका आपलं गुपित सांगतात तशी. "पाच वर्षं नुसती बघत बसले होते हो कोपऱ्यातून. आता कुठे त्यांच्याजवळ बसायला मिळतंय."

विनिताच्या लग्नाला तेव्हा धड दीड वर्षही झालं नव्हतं.

मी कोपऱ्याकडे बघितलं. तिथे फुलदाणी होती.

"तो जुना डबा कुठे गेला?" मी विचारलं.

"दिला भंगारात. हवं ते सगळं इकडे घेतलं."

"आणि... आत जे राहिलं असेल ते?"

तिने चहाचे कप मोजून घेतले, पदर खोचला आणि आत जाता जाता म्हणाली, "ते कोणाला नको होतं."

मी चहा घेतला नाही. दारात ठमाबाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मी हे कोणाला सांगू? डॉक्टरला सांगू, की भगताला? तिला एकदा तरी त्या नावांच्या पडद्यावर परत आणता येईल का, एवढंच विचारत मी हिंडतेय. भंगारवालाही शोधला. माल पुढे गेला म्हणाला.

मावशीला अजून काहीच कळू दिलेलं नाही. तिचा दर रविवारी फोन येतो. आधी इकडचं तिकडचं बोलते, मग आवाज बारीक करून विचारते, "कमे, माझी विनिता बरी आहे ना गं?"

तेव्हा मी विनिताचं नाव घेत नाही. मी म्हणते, "अल्पेशची बायको मजेत आहे, मावशी."

तेवढंच मला खरं सांगता येतं.